आधी हात बघा

कोळपे सरांविषयी आमच्या गावात अजून एक गोष्ट सांगतात. त्यांना म्हणे हात बघता यायचा. एका तान्ह्या पोराचा हात बघून त्यांना त्याचं मरण कळलं आणि त्यांनी ते शाळेच्या भिंतीवर रंगवून ठेवलं. ज्यांनी सरांना कधी पाहिलं नाही अशी मुलंसुद्धा ही गोष्ट सांगतात. गोष्ट खोटी आहे. ती खोटी आहे हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. तेव्हा मी त्या शाळेचा मुख्याध्यापक होतो.

गावाचं नाव लिहीत नाही. मांडवगण फराट्यापासून फार लांब नाही, भीमेच्या अलीकडे, एवढं पुरे. नदी ओलांडली की दौंड तालुका, आणि भानुदास कोळपे दौंडचे. सकाळच्या एसटीनं यायचे, संध्याकाळच्या एसटीनं जायचे. अंगानं उंच, मानेत किंचित वाकलेले, उजव्या बाहीला कायम कुठला तरी रंग. खांद्यावर कापडी पिशवी आणि काखेत पुठ्ठ्याची एक लांब नळी. नव्या माणसाला वाटे, सर्वेअर आला.

त्या नळीत चित्रं असत. जुन्या कॅलेंडरांची पानं, एका फाटलेल्या पुस्तकातून सोडवलेली पानं. बहुतेक चित्रं एकाच विषयाची: आई आणि तिच्या मांडीवरचं मूल. पाचशे वर्षांपूर्वी इटलीतल्या चित्रकारांनी काढलेली येशूची आई आणि बाळ येशू. धनगराच्या घरात जन्मलेल्या माणसाकडे ही चित्रं कुठून आली, हे गावात सगळ्यांनाच विचारायचं असे. सर सांगायचे. वडिलांनी मेंढरं विकल्यावर कुटुंब दौंडला आलं. आई रेल्वेच्या क्वार्टर्समध्ये दुधाचा रतीब घालायची. तिथं एका इंजिन ड्रायव्हरची विधवा होती, मार्था आंटी. तिच्या पुढच्या खोलीत असं एक चित्र होतं. आई दूध मापून देईपर्यंत हे त्या चित्राकडे बघत उभे राहायचे. एकदा त्यांनी आंटीला विचारलं, बाळ एवढं गुटगुटीत आहे, मग ही बाई उदास का? आंटी म्हणाली, तिला पुढचं माहीत आहे. सर म्हणत, तेवढ्या उत्तरावर मी ड्रॉइंग मास्तर झालो.

वर्गात ते दोन खिळ्यांना सुतळी बांधून कपड्यांच्या चिमट्यांनी चित्रं टांगायचे. मग मागच्या भिंतीला टेकून उभे राहायचे आणि म्हणायचे, "आधी हात बघा, मग तोंड. तोंड शिकवलेलं असतं, हाताला खोटं बोलता येत नाही." पोरं हात बघायची. बाळाच्या पाठीखाली आईची बोटं कशी पसरलीत, ती त्याला धरतात की पुढं करतात, की दोन्ही. एका चित्रात बाळाच्या मुठीत लहानसा पक्षी होता, तोंडाशी लाल. ते लाल पुढं सांडायच्या रक्ताचं, असं सर सांगत. एका चित्रात बाळाच्या हातात फुटलेलं डाळिंब होतं. आमच्याकडे तेव्हा नुकत्याच डाळिंबाच्या बागा लागू लागल्या होत्या, त्यामुळे ते पोरांना लगेच ओळखू आलं. सर म्हणाले, रक्तही तेच आणि बीही तेच, मरणही तेच आणि पुन्हा उगवणंही. आईच्या निळ्या वस्त्राविषयी सांगताना तर ते पाठ विसरत. तो निळा रंग दूरदेशच्या डोंगरातला दगड कुटून करत, आणि चित्रकार तो बाकी कशाला वापरत नसे, आईसाठी राखून ठेवी.

सरांचा दुसरा नियम खोडरबराचा. वर्गात खोडरबर आणायला बंदी. रेघ चुकली तर तिच्याशेजारी बरोबर रेघ ओढायची. "चुकलेली दिसू द्या. ती लपवली की हात पुन्हा तीच ओढतो."

एकदा मी पाठनिरीक्षणाला नववीच्या वर्गात मागं बसलो होतो. सरांनी विचारलं, ही बाई बाळाकडे न बघता लांब का बघते? एक मुलगी म्हणाली, "सासू हाक मारत असंल." वर्ग हसला, सरही हसले. मग कोपऱ्यातली एक मुलगी उठली. तिचा भाऊ ट्रकवर क्लीनर होता. ती म्हणाली, "दादा गाडीवर निघाला की माझी आय आशीच बघती. त्याच्याकडं न्हाई बघत. रस्त्याकडं बघती." त्या दिवशी तास तिथंच संपला. नंतर स्टाफरूममध्ये मला म्हणाले, "मला हे कळायला वीस वर्षं लागली, सर."

आता हात बघण्याची गोष्ट. "कोळपे सर हात बघायला सांगतात" हे वाक्य पोरांनी घरी नेलं, आणि घरी पोचेपर्यंत ते "कोळपे सर हात बघतात" असं झालं. आमच्या भागात हात बघणं म्हणजे एकच. एके दिवशी मधल्या सुट्टीत एक म्हातारी शाळेत आली आणि सरांपुढं तळवा धरून उभी राहिली. सरांनी समजावलं, तरी ती हलेना. शेवटी त्यांनी तिचा हात हातात घेतला, उलटा केला, बोटं बघितली आणि म्हणाले, "मावशी, तुम्ही धार डाव्या हातानं काढता. आणि हा आंगठा कधीतरी कडबा तोडताना विळ्यात गेला होता." म्हातारी पदर सावरत तडक घरी गेली. दुसऱ्या दिवशी तीन बाया आल्या. आम्ही स्टाफरूममध्ये पोट धरून हसलो. गणिताचे शिक्षक त्यांना ज्योतिषाचार्य म्हणू लागले. मीही दोन-चारदा म्हणालो असेन.

त्यानंतर दोन वर्षांनी शाळेला नवा हॉल मिळाला. हॉलच्या व्हरांड्याची लांबच लांब भिंत कोरी होती. सरांनी माझ्याकडे ती मागितली. आई आणि मूल काढतो म्हणाले, पण आपल्याकडची आई. मी हो म्हटलं.

आमचे शिपाई कोंडिबा. त्यांची सून पारू रोज दुपारी सासऱ्याची भाकरी घेऊन यायची, कडेवर दहा महिन्यांचं पोर, पायात चपला नाहीत. सरांनी कोंडिबांना विचारलं, पारूला विचारलं. ती लाजली. म्हणाली, "माझं काय काढायचं त्यात?" पण बसली. तीन आठवडे, रोज अर्धा तास, व्हरांड्याच्या पायरीवर. सरांनी आधी एका मोठ्या कागदावर पेन्सिलीनं चित्र केलं, मग भिंतीवर.

मी त्या भिंतीइतकं चांगलं काही पुन्हा पाहिलं नाही. पारूला त्यांनी निळं इरकल नेसवलं होतं. तो निळा त्यांनी कपड्याला घालायची नीळ मिसळून केला होता आणि भिंतीवर दुसरीकडे कुठंही लावला नव्हता. पायाशी एक कोकरू. बाळाच्या एका हातात फुटलेलं डाळिंब, दुसरा हात वर उचललेला, आईच्या हनुवटीला लावायला निघालेला. आई लांब कुठंतरी बघत होती आणि बाळ सरळ आपल्याकडे. व्हरांड्यात कुठूनही या, ते तुमच्याकडेच बघायचं.

उद्घाटनाला संस्थेचे अध्यक्ष येणार होते. दोन दिवस आधी शाळा समितीवरचे आप्पा भिंत बघायला आले. त्यांनी चित्र वरपासून खालपर्यंत बघितलं. मग म्हणाले, "मोठं सर, ही दौंडच्या चर्चमधली बाई हाय. लुगडं नेसवलं म्हून काय झालं? त्या पोराचा वर केलेला हात बघा, त्याची नजर बघा. किरिस्तावांचा देव आसाच बघतो." अध्यक्षांच्या कानावर जाण्याआधी काय ते करा, असं सांगून ते गेले.

माझी निवृत्ती चार वर्षांवर आली होती. शाळेला पुढचे दोन वर्ग मिळायचे होते. ही कारणं मी स्वतःला तेव्हा दिली. सरांना बोलावून म्हणालो, बाळाचा हात खाली घ्या आणि डोळे मिटा. झोपलेलं मूल कुणालाही आवडतं.

सर म्हणाले, "हात घेतो खाली. डोळे नका मिटायला लावू."

मी विचारलं, का?

"त्या चित्रांत झोपलेलं बाळ कशासाठी असतं ते मी तुम्हाला दाखवलं होतं, सर. ते झोपलेलं असतं, पण बघणाऱ्यानं ते मेलेलं समजायचं असतं. पुढं क्रूसावरनं उतरवल्यावर आई त्याला आसंच मांडीवर घेणार असते. आन् आपल्यातही निजलेल्या पोराचं चित्र काढत न्हाईत." सर रागावले किंवा घाबरले की त्यांची भाषा घरची होई.

मी म्हणालो, "इथं तुमची चित्रं वाचणारं कोण आहे, कोळपे? हा माझा आदेश समजा."

ते माझ्या हातांकडे बघत होते. टेबलावर माझ्या हातात पेन होतं आणि मी त्याचं टोपण काढत होतो, लावत होतो. ते उठून गेले. संध्याकाळपर्यंत बाळ झोपलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी पारू भाकरी घेऊन आली आणि भिंतीसमोर थांबली. मी ऑफिसच्या दारात होतो. ती म्हणाली, "सर, ह्याचं डोळं का वो मिटलं? निजलेल्या पोराचा तर फोटूबी काढीत न्हाईत." सरांनी माझ्याकडे पाहिलं नाही. म्हणाले, "चित्रात फेरफार करावा लागला, पारूताई." तिनं कडेवरच्या पोराच्या डोळ्यातलं काजळ बोटावर घेतलं आणि भिंतीवरच्या बाळाच्या गालावर तीट लावली. ओल्या रंगाला ती नीट चिकटली. सर म्हणाले, "आता पुरं झालं चित्र."

उद्घाटन झालं. अध्यक्षांनी चित्राचं कौतुक केलं, बाळ किती शांत झोपलंय म्हणाले. आप्पाही मान डोलावत होते.

श्रावणात पारूचं पोर आजारी पडलं. ताप उतरेना. कोंडिबा त्याला शिरूरला घेऊन गेले, तिथून पुण्याला न्यायला सांगितलं. पुण्याला पोचण्याआधी ते गेलं.

आठ दिवसांत भिंतीची गोष्ट तयार झाली. निजलेलं पोर रंगवलं. हात बघणाऱ्या मास्तरला आधीच ठाऊक होतं. दौंडच्या त्या बाईच्या चित्रांत तसंच असतं, पोर मरायचं असतं, हे पोरांनाच सरांनी शिकवलेलं. प्रत्येक तुकडा खरा होता आणि जोडून सगळं खोटं होतं.

समितीची सभा माझ्या ऑफिसात झाली. खिडकीबाहेर माणसं जमली होती. आप्पांनी विचारलं, "मास्तर, डोळं मिटायचं तुमच्या मनात आलंच कसं?" ते खरंच विसरले होते की काय, मला आजही सांगता येत नाही. त्यांनी तर फक्त नजर बघा एवढंच म्हटलं होतं. डोळे मिटा हे शब्द माझे होते.

सरांनी माझ्याकडे बघितलं. चेहऱ्याकडे नाही. मी हात टेबलाखाली घेतले.

मग ते म्हणाले, "चित्र माझं आहे." तेवढंच.

सभेचा वृत्तांत मी लिहिला. त्यात असं वाक्य आहे: "सदर चित्र चित्रकला शिक्षकांनी स्वतःच्या कल्पनेने काढले असून त्यात कोणाच्याही सूचनेचा भाग नाही." अक्षर माझं आहे. कपाटं बदलली नसतील तर ते रजिस्टर अजून तिथं असेल.

भिंतीला चुना लावायचं ठरलं. सरांनी एकच विनंती केली, दुसऱ्या कुणाला लावू देऊ नका. रविवारी शाळा बंद असताना त्यांनी स्वतः लावला. मी खिडकीतून बघत होतो. कोकरू गेलं, निळं लुगडं गेलं, चेहरे गेले. बाळाच्या डोक्याखालचा आईचा हात त्यांनी शेवटी ठेवला होता. पुढच्या महिन्यात संस्थेनं त्यांची बदली कवठे येमाईकडच्या शाळेत केली. निरोपसमारंभ झाला नाही. जाताना ते ऑफिसात आले, नमस्कार केला आणि गेले. पुठ्ठ्याची नळी त्या दिवशी त्यांच्या काखेत नव्हती, एवढं माझ्या लक्षात आलं होतं.

मी निवृत्त झालो. सत्कारात माझ्या प्रामाणिकपणाविषयी तिघे बोलले. त्यानंतर चार वर्षांनी मी दौंडला गेलो आणि विचारत विचारत त्यांच्या घरी पोचलो. त्यांनीही लवकर निवृत्ती घेतली होती. उजवा हात कापत होता, त्यामुळे चहा डाव्या हातानं दिला. मार्था आंटीचं ते चित्र भिंतीवर होतं. क्वार्टर सोडून जाताना तिनं यांना दिलं होतं. मी वाटेत जुळवलेलं सगळं बोललो. ते ऐकत होते. मधेच त्यांनी एक डाळिंब फोडलं, सुरीशिवाय, आणि कापत्या हातानंसुद्धा एक दाणा खाली पडू दिला नाही. अर्धं माझ्यापुढं ठेवलं.

माझं बोलून झाल्यावर म्हणाले, "मला कशाला सांगता? मला तर ठाऊकच हाय. पारूताईला सांगा."

मी म्हणालो, आता इतक्या वर्षांनी तिची जखम कशाला उघडायची?

"तिची बंद झालीय असं कुणी सांगितलं तुम्हाला?" त्यांचा आवाज चढला नव्हता. "सर, ह्या चित्रातल्या बाईला पुढचं ठाऊक आसतं. म्हणून ती अशी बघते. आपल्या पारूला न्हवतं ठाऊक. ती पायरीवर बसून पोराला खेळवत होती, बास. आता तिला वाटतं, आपण तीन आठवडे बसलो म्हणून पोर गेलं. भिंतीवर लिहिलेलं होतं आन् आपल्याला वाचता आलं न्हाई. कुठल्या आईला असं वाटू देऊ नये."

ते एसटी स्टँडपर्यंत आले. गाडी हलली तेव्हा डावा हात वर केला. उजवा त्यांनी पाठीमागं धरला होता, कापताना दिसू नये म्हणून असेल.

मी पारूला सांगितलं नाही. आज जाऊ, उद्या जाऊ करत तीन वर्षं गेली. मग कळलं, कोळपे सर गेले. कळलं तेही दहाव्याच्या नंतर.

त्यानंतरही बारा वर्षं मी गेलो नाही; या दिवाळीनंतर गेलो. पारू आता पन्नाशीकडे झुकलीय. कोंडिबा नाहीत. नंतरच्या दोन मुली सासरी नांदतात. तिनं सतरंजी टाकली, पाणी दिलं. मी सांगितलं. डोळे मिटायला मी सांगितलं. सर नाही म्हणत होते. सभेत मी गप्प बसलो.

ती चुलीपुढं बसून ऐकत होती. तिनं चुलीतला जाळ मागं ओढला आणि म्हणाली, "मग तवा का न्हाई बोलला?"

"भ्यालो," मी म्हणालो. दुसरं काही खरं नव्हतं.

ती म्हणाली, "चुना लावला त्या दिशी सर आलं व्हतं हितं. हाताला चुना तसाच. अंगणात हुबं ऱ्हायलं. मी दार लावून घेतलं. आतनं म्हणलं, तुमचं तोंड दाखवू नका. त्यांनी तुमचं नाव न्हाई काढलं. काय बोललंच न्हाईत. वट्यावर एक नळी ठेवली आन् गेलं. मी फटीतनं बघितलं. सारखं आपल्या हातांकडं बघत चाललं व्हतं."

नळी सासूनं आढ्याला खोचून ठेवली होती. जाळायचा धीर झाला नाही, उघडायचाही नाही. पारूनं काठीनं ती खाली पाडली. पुठ्ठा उंदरांनी कुरतडला होता, पण आतला कागद धड होता. तो तिनं सतरंजीवर उलगडला आणि चारी कोपऱ्यांवर भांडी ठेवली.

पेन्सिलीचं चित्र. पहिलं, भिंतीच्या आधीचं. कोकरू नव्हतं, डाळिंब नव्हतं, निळा रंग नव्हता. पायरीवर बसलेली एक तरुण बाई आणि हनुवटीला हात लावायला निघालेलं पोर. बाळाच्या हाताच्या दोन-तीन चुकलेल्या रेघा तशाच होत्या, शेजारी बरोबर रेघ. आणि ही बाई लांब कुठं बघत नव्हती. पोराकडे बघून हसत होती. भिंतीवर ती बदलली होती. पोर आमच्याकडे बघत होतं. हा कागद त्या सभेत टेबलावर ठेवला असता तर सगळं तिथंच संपलं असतं. सरांनी तो तिला दिला.

"डोळं उघडं हायेत," पारू म्हणाली.

मी मान हलवली.

ती उठली, चुलीवरून उतरवलेला तवा उलटा केला, त्याच्या बुडाची काजळी बोटावर घेतली आणि कागदावरच्या गालावर तीट लावली. मी आधी तिचा हात बघितला. तोंडाकडे बघायचं मला धाडस झालं नाही.